पुण्याच्या थंडीत वयस्कर आईसाठी रात्रीचे उबदार कपडे कोणते घ्यावेत?

गारवेल

नमस्कार. गेल्या दिवाळीपासून माझी आई आमच्याकडे पुण्यात राहायला आली आहे. तिचे वय ७४ असून आजवरचे सगळे आयुष्य रत्नागिरीत गेले, जिथे पौषातही पहाटे एक साधी चादर पायांवर ओढून घेतली की काम भागते. आम्ही पाषाणला, इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. गेल्या आठवड्यात सलग चार दिवस पहाटेचे तापमान ९-१० अंशांपर्यंत उतरले होते आणि त्या चारही रात्री आईला नीट झोप लागली नाही. पांघरुणाची तक्रार नाही, ते भरपूर आहे. मात्र रात्रीतून दोनदा तिला उठावे लागते, पहाटे साडेपाचला ती पूजेच्या तयारीला लागते, आणि पांघरुणाबाहेर पाऊल टाकले की अंगावर जे काही असते ते पुरत नाही.

दिवसा ती पाचवारी साडी नेसते आणि रात्री सुती गाऊन घालते. हे गाऊन कोकणातल्या दमट हवेसाठी घेतलेले, पातळ आणि अर्ध्या बाह्यांचे आहेत. त्यावर ती स्वेटर चढवते, पण कमरेच्या खाली उघडेच राहते. सलवार किंवा पायजमा घालायला तिची तयारी नाही. "या वयात मला विजार नको," एवढ्या एका वाक्यात तिने तो विषय संपवला आहे, आणि मलाही आग्रह करावासा वाटत नाही.

मी हौसेने ऑनलाइन एक गुबगुबीत, लोकरीसारखा दिसणारा लांब झगा मागवला. चित्रात फार सुरेख दिसत होता. पहिल्या रात्री आईने तो घातला आणि सकाळी सांगितले की, अंगावर रात्रभर मांजर बसल्यासारखे वाटत होते. मध्यरात्री पाठीला घाम आला म्हणून तिने तो काढला, आणि मग ओलसर पाठीने अधिकच थंडी वाजली. शिवाय तो घालून लोखंडी कपाटाच्या मुठीला हात लावला की चटका बसतो. आता तो झगा कपाटातच आहे.

तर कापड कोणते घ्यावे, तयार कपडा घ्यावा की शिवून घ्यावा, आणि दुपारी पारा ३० अंशांच्या आसपास जातो तेव्हा हा सगळा जामानिमा काढणे-घालणे तिला एकटीला सोपे कसे जाईल, याविषयी कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

उसवण

मी गेली बावीस वर्षे घरी शिवणकाम करते आणि दर डिसेंबरात हा प्रश्न घेऊन माझ्याकडे कोणी ना कोणी येतेच, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तुमच्या आईला ज्या झग्याचा त्रास झाला, तो बहुधा फ्लीसचा असणार. फ्लीस म्हणजे मुळात पॉलिएस्टर. पाण्याच्या बाटल्या ज्या प्लास्टिकच्या होतात, त्याच जातीचा धागा. त्याची लव उभी असल्यामुळे तिच्यात हवा अडकून राहते आणि ऊब चांगली मिळते, यात वाद नाही. पण हा धागा घाम जवळजवळ शोषतच नाही. बाहेर कडाक्याच्या थंडीत चालताना ते चालून जाते, पांघरुणात मात्र अंग तापते, घाम कातडीवरच राहतो आणि पांघरूण बाजूला केले की तोच गार पडतो. आपल्याकडची हिवाळी हवा कोरडी असल्यामुळे अशा कापडावर वीजभारही साठतो. कपाटाचा चटका त्याचाच. सूत आणि लोकर हवेतला ओलावा धरून ठेवतात, त्यामुळे त्यांना हा दोष फारसा नाही.

रात्रीसाठी मी सुती फ्लॅनेल सुचवीन. आमच्या आजीच्या पिढीत याला फलालीन म्हणत आणि तान्ह्या मुलांची दुपटी, झबली त्याचीच शिवली जात. साधेच सुती कापड. विणून झाल्यावर एका किंवा दोन्ही बाजूंनी तारेच्या ब्रशाने खरवडून त्याची लव काढलेली असते. म्हणजे फ्लीसची हवा धरून ठेवण्याची युक्ती आणि सुताचा घाम शोषण्याचा गुण असे दोन्ही त्यात आहे. दुकानात घेताना कापड दोन बोटांच्या चिमटीत धरून अंगठ्याने वीस-पंचवीस वेळा जोरात घासून पाहा. हलके कापड असेल तर लगेच कापसाचे बारीक गोळे सुटू लागतात आणि खालची वीण उघडी दिसते. असे फलालीन चार धुण्यांत बोडके होते. मग उजेडासमोर धरून आरपार किती दिसते तेही पाहावे. दुकानदार कंटाळतो, पण आपण घासायचे सोडू नये. त्याला सुती आहे की मिश्र, हेही स्पष्ट विचारा, कारण हल्ली फ्लॅनेलच्या नावाखाली पॉलिएस्टरही सर्रास मिळते. शंका असल्यास कडेचे दोन धागे मागून घ्या आणि घरी मोरीत, चिमट्यात धरून काडीने पेटवून पाहा. सूत कागदासारखे जळते आणि त्याची राख बोटाने चुरगळते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो. लोकर म्हणून विकले जाणारे बरेच स्वेटर ॲक्रिलिकचे असतात, हेही या परीक्षेत कळते.

तयार गाऊन तुळशीबागेत आणि लक्ष्मी रस्त्यावर ढिगाने मिळतात, पण फलालीनचा, पूर्ण बाह्यांचा आणि पुढून वरपासून खालपर्यंत उघडणारा गाऊन सहसा मिळत नाही. बहुतेक गाऊन डोक्यातून घालायचे असतात आणि खांदे दुखणाऱ्या बाईला हात वर करून तो काढणे हीच एक शिक्षा होते. म्हणून शिवून घ्या. ३६ इंची पन्हा (कापडाची रुंदी) असेल तर साधारण ४ मीटर कापड लागेल. शिवण्याआधी ते कोमट पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून घ्यायलाच हवे, कारण फलालीन मीटरमागे सहज ४-५ सेंटिमीटर आटते आणि मग बाही मनगटाच्या वर चढते. थंडी मनगटातूनच आत शिरते.

ओसरी

आपला प्रश्न गाऊनचा आहे असे आपल्याला वाटते आहे. माझ्या मते तो निम्मा फरशीचा आहे.

मी सदाशिव पेठेतील एका वाड्यात वाढलो. माजघराची जमीन शेणाने सारवलेली होती, माडीवर लाकडी तक्तपोशी होती, आणि आम्ही पोरे डिसेंबरात अनवाणी हिंडत असू. आता माझ्या सदनिकेत चकचकीत टाइल्स आहेत आणि मी, वय वर्षे ६८, सपाता घातल्याशिवाय पलंगावरून पाय खाली सोडत नाही. खोलीतील सतरंजी आणि फरशी यांचे तापमान एकच असते. परंतु दगड किंवा टाइल तळव्यातील उष्णता भराभर ओढून घेते आणि सतरंजी ती हळूहळू घेते, म्हणून एक गार लागते आणि दुसरी लागत नाही. आपल्या मातोश्री रात्री दोनदा उठतात तेव्हा पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची दहा-बारा पावले त्या टाइल्सवरूनच जात असणार. त्या वाटेवर एक लांब सुती पट्टी किंवा जाजम अंथरा, मात्र त्याखाली रबरी जाळी घाला, अन्यथा ते सरकेल. पूजेला बसताना त्यांना पाट द्या, आणि पाटावर घोंगडीचा तुकडा. देवालाही हरकत नसावी.

दुसरे, पांघरूण पुरेसे आहे असे आपण लिहिले आहे, अंथरुणाचे काय? आपण वरून रजईवर रजई घालतो, पण गादीतला कापूस अंगाच्या भाराने दबतो आणि त्यातील हवा निघून जाते, त्यामुळे पाठीकडून गारवा लागत राहतो. एक गोधडी किंवा घडी घातलेली सोलापुरी चादर गादीवर, पलंगपोसाच्या खाली अंथरून पाहावी. आमच्या आईची गोधडी सात जुन्या नऊवारी साड्यांची होती, तिला वाकळ म्हणत, आणि थंडीत ती नेहमी खालीच असे. वर अंगावर मात्र बंडी असे. खादीच्या कापडाची, आत कापसाचा पातळ थर घालून टाके मारलेली, बिनबाह्यांची. गाऊनवर स्वेटरऐवजी अशी बंडी अधिक सोयीची, कारण हात मोकळे राहतात आणि पहाटे देवाची भांडी घासताना बाह्या ओल्या होत नाहीत. ओल्या लोकरी बाहीइतके गार जगात दुसरे काही नसेल.

पाषाणची थंडी पुण्यातही वेगळीच, हे खरे. एकाच पहाटे शिवाजीनगर, पाषाण आणि एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) येथील पारा मगरपट्टा किंवा लोहगावापेक्षा पाच-सहा अंशांनी खाली असल्याचे वर्तमानपत्रात आपण दरवर्षी वाचतो. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की जमीन रात्रीतून आपली उष्णता उघड्या आभाळाला देऊन टाकते, आणि आपण वरच्या मजल्यावर असल्याने आपले छतही तेच करते. तक्रार करावीशी वाटली तर १७ जानेवारी १९३५ आठवावा. त्या दिवशी पुण्यात १.७ अंशांची नोंद झाली होती आणि तेव्हा ऑनलाइन झगा मिळत नव्हता.

रातकिडा

मी वाकडला राहतो, अमेरिकेतील ग्राहकांमुळे पहाटे तीनपर्यंत जागा असतो, त्यामुळे या विषयात माझाही थोडा अधिकार आहे. माझे म्हणणे एवढेच की, थर्मलला विसरू नका. गाऊनच्या आत अंगाला लागून पातळ थर्मलचा वरचा भाग घातला तर दोन कपड्यांच्या मध्ये हवेचा एक थर तयार होतो आणि एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपड्यांची ऊब जास्त मिळते. बाहेरून ते दिसतही नाही. फक्त थर्मल अंगाबरोबर बसणारे हवे. ढगळ घेतले तर गळ्यातून गार हवा आत खेळत राहते.

फ्लीसची बाजूही कोणी तरी घेतली पाहिजे. ते धुतले की दोन तासांत वाळते, फलालीनला दिवस लागतो. बसून काम करणाऱ्याला ते चांगलेच, झोपायला मात्र मीही घालत नाही.

स्टेथो

मी फॅमिली डॉक्टर आहे. कपड्यांविषयी वर चांगले लिहिले गेले आहे. मी वयाविषयी थोडे लिहिते.

सत्तरीनंतर शरीराची उष्णता तयार करण्याची आणि राखण्याची क्षमता कमी होते. त्वचेखालची चरबी आणि स्नायू कमी झालेले असतात, आणि अनेकदा गारठा लागतो आहे याची जाणीवही उशिरा होते. थंडीत त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे हिवाळ्यात रक्तदाब थोडा चढता राहतो. म्हणून उबदार अंथरुणातून एकदम गार खोलीत उठून चालू लागणे मी माझ्या वयस्कर रुग्णांना टाळायला सांगते. बंडी किंवा शाल पलंगाच्या उशाशीच ठेवावी, खुंटीवर नव्हे. पांघरुणात बसल्या बसल्या ती अंगावर घ्यावी, मिनिटभर पलंगाच्या कडेवर पाय सोडून बसावे आणि मग उठावे.

पायमोजे अवश्य घालावेत. तळपाय उबदार असले की तेथील रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, शरीराच्या आतील उष्णता पायांवाटे बाहेर पडते आणि झोप लवकर लागते. ऐकायला उलटे वाटते, पण झोप लागताना शरीराचे आतले तापमान किंचित उतरावेच लागते. मात्र नुसते गुळगुळीत मोजे घालून टाइल्सवर चालणे धोक्याचे आहे. दर हिवाळ्यात माझ्याकडे घसरून पडलेल्या आज्या येतात आणि त्यांतल्या काहींचे खुब्याचे हाड मोडलेले असते. तळाला रबरी ठिपके असलेले मोजे घ्या, आणि मोज्याचा वरचा इलॅस्टिक पट्टा पोटरीवर खोल वळ उठवत नाही ना, हे सकाळी पाहा. गाऊनची उंची घोट्याच्या वर तीन-चार बोटे राहील अशी ठेवा. जमिनीवर लोळणारा गाऊन उबदार वाटतो, पण अंधारात तोच पायात येतो.

गरम पाण्याची रबरी पिशवी अनेक घरांत वापरतात. आईंना मधुमेह असेल तर पायांशी ती ठेवू नका, कारण पायांची संवेदना कमी झालेली असेल तर त्वचा भाजल्याचे त्यांना कळणारही नाही. मधुमेह नसला तरी पिशवीत उकळते पाणी भरू नये, तिला जाड कापडाची खोळ असावी, आणि झोपण्यापूर्वी अर्धा तास अंथरुणात ठेवून ती काढून घेणे सर्वांत चांगले. अंथरूण तापते आणि पिशवी फुटण्याची भीतीही राहत नाही.

आणखी एक. पहाटे त्या गॅसपाशी जात असतील तर पॉलिएस्टरच्या ढगळ बाह्या नकोत. ते कापड पेटले तर वितळून त्वचेला चिकटते. फलालीनची लवही झटकन पेट घेऊ शकते, तेव्हा कापड कोणतेही असले तरी बाही मनगटाशी बंद होणारी हवी.

आणि घरातील इतरांपेक्षा त्यांनाच फार थंडी वाजत असेल, थकवा किंवा वजनातला बदलही जाणवत असेल, तर कोकणातून आल्यामुळे असे होत असेल असे धरून न चालता थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी. थायरॉइडचे काम मंदावले असेल किंवा रक्त कमी असेल तर कितीही चांगले फलालीन घातले तरी हुडहुडी जात नाही.

गारवेल

सर्वांचे मनापासून आभार. आईला मधुमेह नाही. रक्तदाबाची गोळी मात्र चालू आहे. तपासणीसाठी उद्याच आम्ही रक्त देऊन येतो. ओसरी, तुमचा फरशीचा मुद्दा मी आईला वाचून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "कोणी तरी शहाणे माणूस आहे."

उसवणताई, शिवायला टाकण्यापूर्वी दोन शंका आहेत. पुढून उघडणारा गाऊन म्हटल्यावर दहा-बारा गुंड्या येणार आणि आईच्या बोटांत संधिवात आहे. त्याचे काय करावे? आणि थर्मल घ्यायचे ठरवले, तर गळ्यातून घालायचा तोच त्रास पुन्हा होणार नाही का?

उसवण

गुंड्यांऐवजी टिचबटणे लावा. मात्र ती नेहमीची बारीक नकोत, रुपयाच्या नाण्याएवढी घ्या, म्हणजे अंगठ्याने नुसती दाबून बसतात. बोहरी आळीत अशी बटणे सुटी मिळतात. बाहेरून शोभेसाठी साध्या गुंड्या टाकून ठेवल्या तरी चालतील. गाऊनच्या दोन्ही बाजू एकमेकींवर चांगल्या चार इंच चढतील असे बेतायला सांगा. नुसत्या बटणपट्टीवर भागवले तर बसल्यावर दोन बटणांच्या मध्ये फट पडते आणि नेमकी गुडघ्यांवर गार हवा येते. चार इंच चढले की पाच टिचबटणे पुरतात, दहा लागत नाहीत. बगलेत कळी, म्हणजे कापडाचा छोटा जोडतुकडा, घालायला विसरू नका. कळी नसली तर हात पुढे करताना पाठ ताणते आणि पहिली शिवण तिथेच उसवते. मनगटाला इलॅस्टिक नको, वळ उठतात. होजिअरीच्या, म्हणजे बनियनसारख्या ताणणाऱ्या कापडाची दोन इंची पट्टी जोडा, ती मनगटाला धरून राहते आणि भांडी घासताना वर सरकवताही येते.

थर्मलचा आग्रह मी वयस्कर बायकांना करत नाही, त्याचे कारण तुम्हीच ओळखले आहे. त्याऐवजी जुन्या पद्धतीची कोपरी शिवून घ्या: इंटरलॉक होजिअरीचे मऊ कापड, कोपरापर्यंत बाही, पुढे दोन बंद. अंगाला लागून बसते आणि गळ्यातून घालावी लागत नाही. कमरेच्या खालच्या भागासाठी फलालीनचाच परकर शिवा. विजार नको म्हणणाऱ्या बाईला परकर हा परका कपडा नाही, आणि पाय मात्र दुहेरी झाकले जातात. परकराचा घेर कमी ठेवा, झोपेत गुंडाळला जाणार नाही. नाडी सुती, रुंद.

म्हणजे अंगाला लागून कोपरी आणि परकर, त्यावर गाऊन, आणि उठताना ओसरी म्हणतात ती बंडी. पूजा आटोपून ऊन खोलीत आले की आधी बंडी निघेल, मग गाऊन, आणि आंघोळीनंतर साडी. एकेक थर पुढून उघडणारा असल्याने कोणाला हाक मारावी लागणार नाही.

फलालीन धुताना उलटे करून धुवा, ब्रश मारू नका, आणि कपडे मऊ करणारे द्रव घालू नका. त्याने लव चपटी होते आणि कापडाचे घाम शोषणेही कमी होते. प्रत्येकाचे दोन-दोन जोड हवेत, कारण थंडीतही वाळायला दिवस लागतो.

गारवेल

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे. ज्यांनी वेळ काढून उत्तरे दिली त्यांना निकाल कळावा, असे वाटले.

कापड रविवार पेठेत घेतले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी उभ्या उभ्या चार ठाणे अंगठ्याने घासून पाहिली. तिसऱ्या ठाणावर दुकानदार म्हणाले, "ताई, कापड घ्यायला आलात की इस्त्री करायला?" पण चौथे ठाण खरोखरच चांगले निघाले: दोन्ही बाजूंनी लव, घासून गोळा नाही, फिकट निळ्यावर बारीक पांढरी रेघ. भिजवल्यावर ४ मीटरचे ३ मीटर ८० सेंटिमीटर झाले, म्हणजे आटण्याचा तुमचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. आमच्या जवळच्या एका शिंप्याने गाऊन शिवला, पण बगलेत कळी घातलीच नाही आणि विचारल्यावर "हल्ली कोणी घालत नाही" असे उत्तर दिले. मग आईने स्वतःच दोन संध्याकाळी बसून, हाताने टाके घालून कळ्या बसवल्या. संधिवात असलेल्या बोटांनी हे करू नकोस असे मी म्हणत होते, पण तिला काम मिळाल्याचा आनंद मला दिसत होता.

गाऊन तयार झाला त्या रात्रीच पुण्याच्या हवेने चेष्टा केली. आभाळ ढगाळले आणि पहाटेचा पारा १८ अंशांवर गेला. पुढचे पाच दिवस आईने परकर आणि कोपरी पेटीतच ठेवली आणि नुसत्या गाऊनवर निभावले. सहाव्या दिवशी आभाळ मोकळे झाले, गारठा परतला आणि मग खरी परीक्षा झाली. रात्रीतून ती अजूनही दोनदा उठते. ते वयाचे आणि गोळीचे आहे. पण परत आल्यावर आता तिला झोप लागते. पूर्वी ती पाय पोटाशी घेऊन उजाडण्याची वाट पाहत पडून राहायची. गादीवर गोधडी अंथरली, वाटेवर जाजम घातले. यातल्या कशाने किती फरक पडला हे सांगता येणार नाही, पण गोधडी काढून पाहू का असे मी विचारले तेव्हा तिने ठाम नकार दिला.

तपासणीत थायरॉइड ठीक निघाले, हिमोग्लोबिन मात्र ९.४ आहे. डॉक्टरांनी लोहाची गोळी सुरू केली असून कारण शोधण्यासाठी पुढच्या काही तपासण्या सांगितल्या आहेत. स्टेथो, तुम्ही लिहिले नसते तर मी ते सगळे पाषाणच्या हवेवर ढकलून मोकळी झाले असते.

बंडी अजून शिवून झालेली नाही. आतमध्ये कापूस घालून टाके मारणारे कोणी मिळेना, म्हणून सध्या तिने माझ्या वडिलांचे जुने बिनबाह्यांचे लोकरी जाकीट घेतले आहे. ते तिला खांद्यांत मोठे होते. बेतून लहान करून देऊ का म्हटले, तर नको म्हणाली.

आता दुसऱ्या गाऊनची मागणी आली आहे. तसाच, पण खिसा डावीकडे नको, उजवीकडे हवा, कारण चष्म्याचे घर उजव्या हाताने काढायची तिला सवय आहे. पहिल्या कापडातला पाऊण मीटर तुकडा उरला आहे. त्याची कानटोपी होईल का?

उसवण

कळ्या आईंनी बसवल्या हे वाचून फार बरे वाटले. त्या शिंप्याला दाखवून या. फलालीन ताणत नाही, त्यामुळे त्याची कानटोपी डोक्यावर नीट बसणार नाही, झोपेत फिरून डोळ्यांवर येईल. टोपीला होजिअरी किंवा हाताने विणलेली लोकरच बरी. उरलेल्या तुकड्याची गरम पाण्याच्या पिशवीसाठी दुहेरी खोळ शिवा, लव दोन्ही अंगांना ठेवून, आणि तोंडाशी नाडी घाला. तरीही एक वीतभर कापड उरेल. ते जपून ठेवा, कोपर आधी झिजतात.